आवाज वाढवण्याआधी चाळून घ्या

उत्सवाचे दिवस जवळ आले की चाळीचाळींतून मंडळांच्या बैठका भरतात आणि एक विषय हमखास निघतो: गेल्या वर्षी शेवटपर्यंत नीट ऐकू आले नाही, यंदा मोठा लाऊडस्पीकर आणू या. वर्गणीचा हिशेब होतो, दोन कर्ण्यांचे चार होतात, आणि तरीही मागच्या रांगेतल्या आजीबाई शेजारणीला विचारतातच, “काय गं म्हणाला तो?” आवाज वाढला, पण शब्द पोचला नाही.

असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. आवाज वाढवण्यापूर्वी तो चाळून घेतला पाहिजे. धान्य दळायला देण्याआधी आई खडे काढते, तसेच हे आहे. आवाजाची ही चाळण नववी-दहावीच्या मुलामुलींना स्वतःच्या हातांनी बनवता येते, आणि ती त्यांनीच बनवावी असा माझा आग्रह आहे.

जागेचा स्वभाव

उदाहरणासाठी मुंबईतील वरळीची बी.डी.डी. चाळ घेऊ. ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ ह्या सरकारी खात्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्या एकूण २०७. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांब बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या, अशी त्यांची रचना. एका चाळीत साधारण ८० खोल्या आणि एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. बांधणी सिमेंट-काँक्रीटची. ह्या चाळींच्या जागी आता उंच इमारती होत आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ह्या बदलाचा आपल्या विषयाशी संबंध आहे. त्याकडे पुढे येऊ.

आता दोन चाळींच्या मधल्या अंगणात कर्णा लावला आहे असे समजा. काँक्रीटची भिंत आवाज जवळजवळ शोषतच नाही, ती तो परत फेकते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. भिंत १० मीटर अंतरावर असेल, तर आवाज जाऊन परत यायला सुमारे ०.०६ सेकंद लागतो. आपण बोलताना एका अक्षराला साधारण ०.२ सेकंद घेतो. म्हणजे पहिल्या अक्षराचे पडसाद दोन्ही भिंतींमध्ये आपटत असतानाच दुसरे अक्षर येऊन त्यांत मिसळते. आवाज दुप्पट केला की पडसादही दुप्पट होतो. शब्द आणि पडसाद यांचे प्रमाण होते तेच राहते. मोठा कर्णा आणून शब्द स्पष्ट होत नाही, याचे हे पहिले कारण.

शब्द कोठे राहतो?

हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा: चाळ, टाळ, काळ, माळ, बाळ, साळ. सहाही शब्दांत ‘आ’ आणि ‘ळ’ तेच आहेत. अर्थ बदलतो तो केवळ पहिल्या व्यंजनामुळे. ते व्यंजन ऐकू आले नाही, तर कानाशी उरते नुसते ‘आळ’, आणि मग ऐकणारा अंदाज बांधत बसतो.

दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येला कंप्रता म्हणतात आणि ती हर्ट्‌झमध्ये मोजतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्‌झ, स्त्रीचा २०० हर्ट्‌झच्या आसपास. स्वरांची ताकद मुख्यतः खालच्या बाजूला असते. उलट स, श, च यांतली ‘स्स’, ‘श्श’ अशी सळसळ २००० हर्ट्‌झच्या वर, थेट ८००० पर्यंत पसरलेली असते आणि ती फार नाजूक असते. थोडक्यात, आवाजाचे बळ खाली आहे आणि शब्दाचा अर्थ बराचसा वर आहे.

याला भक्कम पुरावा आहे, तो जुन्या टेलिफोनचा. टेलिफोनच्या तारेतून केवळ ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पाठवीत असत. म्हणजे पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर त्यातून जातच नव्हता. तरी लोक तासन्‌तास बोलत, आणि पलीकडे काका बोलत आहेत की मामा, हेही ओळखत. वरच्या सुरांवरून मूळ सूर कोणता असावा, हे आपला मेंदू स्वतःच ताडतो.

मंडळाच्या माईकवर मात्र नेमके उलटे घडते. बोलणारा माईक ओठांना लावतो. एकाच दिशेने ऐकणारे जे माईक असतात, त्यांच्यात इतक्या जवळून बोलले की खर्ज आपोआप फुगतो. शिवाय प, फ, भ उच्चारताना तोंडातून निघालेला वारा पडद्यावर धाडकन आदळतो. कोणाचा पाय मंचाच्या फळीला लागतो, तो धक्काही माईकच्या दांडीतून वर चढतो. त्यात विजेच्या तारांतून आलेली ५० हर्ट्‌झची घूं-घूं. ह्या सगळ्या कचऱ्याचे मुक्काम खालच्या पट्टीत आहे, आणि खर्जाचा मोठा आवाज वरच्या नाजूक आवाजाला झाकून टाकतो, हा आपल्या कानाचा गुणधर्मच आहे. आता व्हॉल्यूम वाढवला तर काय वाढेल? धान्य वाढेल, तसे खडेही वाढतील.

भिंत हीसुद्धा गाळणीच

रात्री शेजारच्या चाळीसमोर गाणे चालू असेल तर बंद खोलीत काय ऐकू येते? गाण्याचे शब्द नाहीत, सनईचा सूर नाही. येते ते केवळ ‘धब, धब, धब’. ह्याचे कारण सोपे आहे. जड भिंतीला हलवायला हलक्या हातांची घाई उपयोगी पडत नाही, सावकाश ढकलावे लागते. कंप्रता दुप्पट झाली की भिंत तो आवाज सुमारे ६ डेसिबलनी अधिक अडवते, असा साधारण नियम आहे. ह्या हिशेबाने १०० हर्ट्‌झचा ठोका १००० हर्ट्‌झच्या सुरापेक्षा भिंतीतून सुमारे २० डेसिबल जास्त ताकदीने आत येतो. उघड्या खिडक्या आणि दारांच्या फटींमुळे प्रत्यक्षात हा फरक कमी होतो, पण दिशा तीच राहते. भिंत ही खर्ज आत सोडणारी आणि शब्द बाहेर ठेवणारी गाळणी आहे. म्हणजे अंगणातल्या श्रोत्याला जो भाग निरुपयोगी, नेमका तोच खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीच्या, पाळण्यातल्या बाळाच्या आणि आजारी माणसाच्या वाट्याला येतो.

कायद्याचे बोलाल, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाऊडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त, किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. पण हे मोजमाप ज्या ‘ए’ मापनीने करतात, तिच्यातही एक गाळणी बसवलेली असते. कानाला खालचे सूर कमी जाणवतात, म्हणून ही मापनी १०० हर्ट्‌झच्या आवाजातून सुमारे १९ डेसिबल आणि ५० हर्ट्‌झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करूनच आकडा दाखवते. तेव्हा मापक ‘ठीक आहे’ म्हणाला, म्हणून शेजाऱ्याला झोप लागेलच असे नाही. मापकाच्या आकड्याआड लपणे हे विज्ञान नव्हे. खालच्या पट्टीतले जे आपल्याला नको आहे, ते आपणच काढून टाकणे हे विज्ञान.

दोन वस्तूंची गाळणी

आता प्रत्यक्ष कामाला लागू. खालचे सूर अडवून वरचे सोडणाऱ्या गाळणीला लागतात फक्त दोन वस्तू: एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर. जुने रेडिओ मेकॅनिक कपॅसिटरला कंडेन्सर म्हणत आणि पाठ्यपुस्तकात त्याला धारित्र म्हटलेले आढळेल, वस्तू तीच. विद्युत्‌दाब सावकाश बदलत असेल तर कपॅसिटर भरून बसतो आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. दाब भराभर बदलत असेल तर त्याला भरून बसायला वेळच मिळत नाही आणि प्रवाह सहज पार होतो. आवाजाचा संदेश कपॅसिटरमधून पुढे न्या आणि पुढच्या टोकापासून जमिनीपर्यंत, म्हणजे अर्थपर्यंत, रेझिस्टर जोडा. रेझिस्टरच्या दोन टोकांवर जो संदेश मिळेल, तो गाळलेला.

गाळण्याची सीमा कोठे पडेल, हे एका भागाकाराने कळते. २ ला ३.१४ ने गुणा, त्याला रोधाने आणि त्याला धारितेने गुणा. १ ला ह्या गुणाकाराने भागले की सीमेची कंप्रता मिळते. रोध ओहममध्ये आणि धारिता फॅरडमध्ये घ्यावी. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा आणि रेझिस्टर १० किलोओहमचा घेतला तर उत्तर येते सुमारे १५९ हर्ट्‌झ. सीमेवर संदेशाचा दाब ०.७ पट, म्हणजे शक्ती निम्मी होते. सीमेच्या बऱ्याच खाली गेल्यावर कंप्रता निम्मी झाली की दाबही निम्मा होतो. तंत्रज्ञ याला ‘अष्टकामागे ६ डेसिबल’ उतार म्हणतात.

इथे एक पथ्य पाळावे लागते. गाळणीला लगेच पुढचे ओझे जोडले तर तिची सीमा सरकते. म्हणून मध्ये एक ‘ऑप-अँप’ ठेवावा. १९६८ साली बाजारात आलेली ७४१ ही आयसी अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी वापरली आहे. आवाजाच्या कामाला टीएल०७२ अधिक बरी. आठ पायांच्या तिच्या घरात दोन ऑप-अँप असतात. ऑप-अँपचे बाहेर पडणारे टोक त्याच्या उणे टोकाला जोडले की तो आवाज वाढवीत नाही, पण मागच्या मंडलावर ओझेही टाकत नाही. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून मधल्या सांध्याला अर्थ मानले की वीजपुरवठ्याचा प्रश्न मिटला. घरच्या विजेच्या तारांना हात लावण्याचे कारण नाही आणि लावूही नये. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, हे सुटे भाग दुकानादुकानांतून मिळतात, आणि रेझिस्टर-कपॅसिटर तर अगदी थोड्या पैशांत.

नॉबला हद्द हवी

प्रत्येकाला एकच सीमा चालत नाही. सूचना सांगणाऱ्याला १५० हर्ट्‌झ खालचे काही नको असते. भजनी बुवांच्या भरदार आवाजाला थोडा खर्ज हवा. ढोलकीच्या धुमेचा प्राणच खर्जात असतो. म्हणून सीमा सरकती हवी. त्यासाठी रेझिस्टरच्या जागी पॉट, म्हणजे नॉब फिरवून बदलणारा रोध लावतात.

इथेच खरी रचनेची परीक्षा असते. नुसता २२ किलोओहमचा पॉट लावला तर काय होईल? एका टोकाला रोध शून्य होईल, सगळा संदेश अर्थमध्ये जाईल आणि ऐन समारंभात माईक मुका होईल. म्हणून पॉटच्या मागे ५.६ किलोओहमचा एक पक्का रेझिस्टर जोडावा. आता रोध ५.६ पासून २७.६ किलोओहमपर्यंतच बदलेल. वरचा भागाकार करून पाहा. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर सीमा २८४ हर्ट्‌झपासून ५८ हर्ट्‌झपर्यंत सरकेल. वरच्या टोकाला बोलणारा, खालच्या टोकाला ढोलकी, मध्ये भजन. नॉब कसाही फिरवला तरी शब्दाचे नुकसान होणार नाही.

नॉब बरोबर अर्ध्यावर ठेवला तर रोध १६.६ किलोओहम आणि सीमा ९६ हर्ट्‌झ येते. म्हणजे अर्ध्या फेरीत ५८ ते ९६ आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत ९६ ते २८४. नॉबभोवती समान अंतरावर आकडे लिहून चालणार नाही. एकेक जागा मोजून खूण करावी लागेल. शिवाय कपॅसिटरवर छापलेल्या मूल्यात दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकते. तेवढ्याने २८४ ची जागा २५८ ते ३१६ यांच्यात कोठेही पडेल. पुस्तकातले सूत्र आणि हातातली वस्तू यांच्यातले हे अंतर एकदा स्वतः मोजले की जन्मभर विसरत नाही.

अशाच दोन गाळण्या एकापुढे एक ठेवल्या आणि दोन पॉट एकाच दांडीवर फिरणारे घेतले, तर काम अधिक चोख होते. सीमा २८४ वर असताना ५० हर्ट्‌झची घूं-घूं एका गाळणीतून सुमारे सहावा हिस्सा उरते, दोन गाळण्यांतून सुमारे तेहतिसावा. १९५५ साली सॅलन आणि की ह्या दोघांनी एकाच ऑप-अँपसारख्या वर्धकाभोवती दोन कपॅसिटर आणि दोन रेझिस्टर गुंफून अशी दुहेरी गाळणी कशी करावी, ते दाखवून दिले. पहिली गाळणी जमली की तिच्याकडे वळा.

कर्ण्याचा कर्कशपणा काढायचा असेल तर दोन्ही वस्तूंची अदलाबदल करा: रेझिस्टर मार्गात, कपॅसिटर अर्थकडे. आता वरचे सूर अडतील. ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, २.२ किलोओहमचा पक्का रेझिस्टर आणि २.२ किलोओहमचा पॉट घेतला, तर सीमा सुमारे ७२०० पासून ३६०० हर्ट्‌झपर्यंत सरकते. ३६०० च्या खाली ती मुद्दामच जाऊ दिलेली नाही. टेलिफोनचा पट्टा आठवा, म्हणजे कारण कळेल.

चाळण संगमाच्या आधी

मिक्सर म्हणजे अनेक आवाजांचा संगम. प्रत्येक माईकचा संदेश आधी लहान वर्धकातून मोठा होतो, कारण मुळात तो काही हजारांश व्होल्टचाच असतो. मग गाळणी, मग व्हॉल्यूमचा नॉब आणि शेवटी १० किलोओहमच्या एकेका रेझिस्टरमधून सगळे संदेश एका ऑप-अँपच्या उणे टोकाशी येऊन मिळतात. बाजारातल्या अनेक स्वस्त साधनांत जाड आणि बारीक सुरांचे नॉब संगमानंतर, एकत्र आवाजावर बसवलेले असतात. त्यामुळे निवेदकाचा खर्ज कापायला जावे तर ढोलकीही पातळ होते. तांदूळ आणि डाळ एकत्र करून मग निवडायला बसण्यासारखे ते आहे. घरी बनवलेल्या मिक्सरचा मोठा फायदा हाच, की प्रत्येक माईकला त्याची स्वतःची चाळण देता येते.

वाढवणे महाग, कापणे स्वस्त

१९५२ साली इंग्लंडमधल्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात पीटर बॅक्सॅन्डॉल ह्या अभियंत्याने जाड-बारीक सुरांच्या नियंत्रणाचे एक मंडल छापले. नॉब मध्यावर असेल तर आवाज जसाच्या तसा, एका बाजूला फिरवला तर सूर वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो. पुढे जगभरच्या रेडिओ आणि अँप्लिफायरमध्ये ते बसले. मासिकाच्या पानावरून घेऊन कोणीही बनवावे, असे ते मंडल होते, आणि आहे. पण त्याच्या दोन बाजूंपैकी लोक जवळजवळ नेहमी एकच वापरतात: वाढवण्याची.

ह्या वाढीची किंमत काय? आवाजाची पातळी १० डेसिबलनी वाढवायला दहापट शक्ती लागते, २० डेसिबलना शंभरपट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ जेमतेम दुप्पट वाटते. खर्जाचा नॉब शेवटपर्यंत फिरवला की अँप्लिफायरकडे तेवढी शक्ती उरत नाही. मग लाटांचे माथे सपाट कापले जातात आणि मूळ आवाजात नसलेले कर्कश सूर त्यातून जन्म घेतात. ‘आवाज फाटला’ म्हणतात तो हा. कापायला मात्र जास्तीची शक्ती लागत नाही. खालचा कचरा कापला की वाचलेली शक्ती शब्दांना मिळते, आणि त्याच कर्ण्यातून शब्द लांब जातो.

माईकच्या शिट्टीचेही तसेच. कर्ण्यातून निघालेला आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून निघतो. हे चक्र ज्या एखाद्या कंप्रतेवर सर्वांत जोरात चालते, तिथे शिट्टी सुरू होते. सगळा व्हॉल्यूम कमी केला तर शिट्टी थांबते, पण शब्दही मरतो. माईक कर्ण्यामागे घ्या, जो सूर शिट्टी मारतो तेवढाच थोडा कापा. बाकीचा आवाज शाबूत राहील.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की आता हे सगळे मोबाईलमध्ये आहे. बोटाने पडद्यावरच्या पट्ट्या सरकवल्या की झाले. मग भाजलेल्या बोटांनी झाळकाम कशाला? हे खरे आहे की आजचे अंकीय मिक्सर घरगुती मंडलापेक्षा कितीतरी अधिक कामे करतात, आणि मोठ्या कार्यक्रमाला तेच वापरावे. पण पडद्यावरच्या पट्टीला कोणी विचारत नाही, की तू काय काढलेस आणि का. ज्याने एकदा ५.६ किलोओहमचा रेझिस्टर का लावायचा ह्याचा विचार केला आहे, त्याच्या हाती तो अंकीय मिक्सर दिला तर तोही तो शहाणपणाने चालवील. मोबाईल जरूर वापरा, पण परीक्षक म्हणून: त्यातून ५०, १००, २००, ४०० हर्ट्‌झचे सूर काढून आपल्या गाळणीला द्या आणि पुढे किती उरते ते मोजा.

दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा आहे. ‘वर्षातून चार दिवस सण असतो, तेव्हा तरी मोकळेपणाने वाजवू द्या.’ चाळीतल्या माणसाला मोठे घर मिळाले नाही, बाग मिळाली नाही. अंगण आणि उत्सव ही त्याची हक्काची मोकळी जागा. गणपती असो, १४ एप्रिलची जयंती असो, दहीहंडी असो, तो आनंद त्याने का सोडावा? सोडू नयेच. माझे म्हणणे एवढेच, की आनंद शब्दांत आणि सुरांत असतो, फाटलेल्या खर्जात नसतो. ज्यांच्यासाठी आपण गातो त्यांचेच कान आपण बधिर करायचे का? अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने घालून दिलेला हिशेब असा: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलना वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. कर्ण्याशेजारी उभी राहून नाचणारी मुले पंधरा मिनिटांत घरी जात नाहीत. आतल्या कानातील केशपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आणि जागा बदलते आहे, हेही विसरू नका. १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून लोक उंच इमारतींत चालले आहेत. भिंती, त्यांतली अंतरे आणि मधली मोकळी जागा, सगळेच वेगळे असणार. काल जिथे नॉब २०० वर बरोबर होता, तिथे उद्या तो कदाचित १२० वर लागेल. पक्की गाळणी जुन्या अंगणातच अडकून राहील. सरकती गाळणी तुमच्याबरोबर नव्या घरी येईल.

शिक्षकांना विनंती

ध्वनीचा धडा आणि विद्युत्‌प्रवाहाचा धडा माध्यमिक शाळेत आपण वेगवेगळे शिकवतो, आणि दोन्हीही परीक्षेनंतर मिटून जातात. ही गाळणी त्या दोघांना एका फळीवर आणते. विज्ञान प्रदर्शनासाठी ज्वालामुखीच्या प्रतिकृतीऐवजी हा प्रयोग मुलांना सुचवा. त्याची कसोटीही सोपी आहे. चाळ, टाळ, काळ, माळ अशा एका अक्षराने बदलणाऱ्या पन्नास शब्दांची यादी करा. एका मुलीने ती माईकवर संथपणे वाचावी. अंगणाच्या टोकाशी बसलेल्या दहा जणांनी ऐकलेला शब्द कागदावर लिहावा. मग शब्दांचा क्रम बदलून तीच यादी गाळणी लावून वाचा, पण व्हॉल्यूमच्या नॉबला हात न लावता. दोन्ही वेळचे बरोबर शब्द मोजा. ऐकणाऱ्यांत एखाद्या आजी-आजोबांना जरूर बसवा, कारण वयाबरोबर वरचे सूर ऐकू येणे आधी कमी होते. गाळणीने काय साधले आणि काय साधले नाही, हे तो कागदच सांगेल. निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा आला, तर तोही तसाच लिहा आणि कारण शोधा. भिंत किती मीटरवर आहे? कर्णा कोणीकडे तोंड करून आहे? सीमा कोठे ठेवली होती?

मुलांनो, मंडळाच्या पुढच्या बैठकीत मोठ्या कर्ण्याचा विषय निघाला, तर हा कागद हातात घेऊन उभे राहा. मोठी माणसे तुमचे वय पाहतील, पण मोजलेला आकडा त्यांनाही नाकारता येत नाही. एक वर्ष तोच कर्णा, तोच अँप्लिफायर आणि मध्ये तुमची चाळण, एवढेच मागून घ्या. आजीबाईंना पहिल्या खेपेस “काय गं म्हणाला तो?” असे विचारावे लागले नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या मुलीने खिडकी उघडी ठेवून आपला धडा पुरा केला, तर वाचलेली वर्गणी कशावर खर्च करायची हे ठरवायला मंडळाला वेगळी बैठक घ्यावी लागेल.